साहेबाची शप्पथ

कुत्र्याच्या पोटाबद्दल मला जेवढं कळतं तेवढं आमच्या अख्ख्या कोपर गावात कोणाला कळत नाय. कारण ते पोट मीच बिघडवलेलं.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे आणि त्याच्यावर जीव आहे, त्यांच्यासाठी हे सांगतोय. मी चौथीपर्यंत शिकलो, ती पण दोनदा. म्हणून मी बोलतोय आणि माझी मुलगी पिंकी लिहितेय. ती बारावीला आहे. मध्ये मध्ये पेन ठेवून हसते. तिला बोललो, हसू नको, मी बोललो तसं लिही. ती बोलते, पप्पा, तसंच लिहिलं तर लोक घरी येऊन मारतील. बोललो, येऊ दे. चहा टाकू.

साहेब कोण

साहेब म्हणजे आमचा कुत्रा. जात विचाराल तर गल्लीची. रंग तांबडा, एक कान उभा, एक पडलेला. मी मंडप बांधायचं काम करतो. सहा वर्षांमागे कल्याणला एका हळदीचा मांडव सोडला, कापड गोडाऊनला आणलं, गालिचा उलगडला तर आतून हे पिल्लू निघालं. गालिचा परत द्यायचा होता. पिल्लू कोणी मागितलं नाय.

नाव साहेब मीच ठेवलं. जन्मभर मी दुसऱ्याला साहेब, साहेब करत आलेलो. बोललो, एक तरी साहेब असा पाहिजे की मी 'बस' बोललो की तो बसेल. तो पण बसत नाय.

शप्पथ

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. मासळीवर वाढलेली माणसं. पण बायको, सुरेखा, श्रावण एकदम कडक पाळते. महिनाभर घरात अंडं पण नाय. मी दरवर्षी पाळतो असं सांगतो आणि दरवर्षी पकडला जातो.

यंदा ती बोलली, "शप्पथ घे."

"तुझी शप्पथ."

"माझी नको. माझी चार वेळा मोडलीस. मी अजून चालती-फिरती आहे ती माझ्या आईच्या पुण्याईनं."

"बरं, पिंकीची."

"ती बारावीला आहे. तिला मध्ये आणू नको." तिनं इकडे तिकडे बघितलं. साहेब दारात पाय पसरून पडलेला. "ह्याच्या डोक्यावर हात ठेव. ह्याच्यावर तरी तुझा जीव आहे."

ठेवला हात. साहेबाला वाटलं मी खाजवतोय. त्यानं डोळे मिटून घेतले.

बारा दिवस पाळली मी ती शप्पथ. तेराव्या दिवशी रविवार होता. गणपतीच्या मंडपाचं काम कल्याणला चाललेलं. दुपारी माझा जोडीदार दिन्या बोलला, चल घरी जेवायला. दिन्या माझ्याबरोबर पंधरा वर्षं बांबूवर चढतोय आणि श्रावण पाळत नाय. घरात शिरलो आणि मटणाचा वास आला. मी नको बोललो. एकदाच. ते पण हळू.

निघताना दिन्याच्या बायकोला बोललो, "वहिनी, हाडं टाकू नका. साहेबाला नेतो."

आता तुम्ही विचार करा. शप्पथ मोडली ती मोडली, गुपचूप घरी जाऊन झोपायचं. पण मला काय वाटलं, शप्पथ त्याच्या डोक्यावर घेतलेली, तर वाटा पण त्याला मिळाला पाहिजे. बिल्डिंगच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ त्याला नेलं. पिशवीभर हाडं, वर चरबीचे तुकडे, त्यावर वहिनींनी प्रेमानं ओतलेला रस्सा, त्यात दोन चपात्या. साहेबानं पिशवी पण चाटली. मग मी नळावर हात धुतले आणि त्याचं तोंड पण धुतलं, वास यायला नको म्हणून. एवढा हुशार मी.

तोंड धुतलं. पोट कसं धुणार?

सोमवार

सकाळी साहेबानं तीनदा उलटी केली. मग गॅलरीत जाऊन विचित्र वाकला. पुढचे पाय जमिनीला टेकलेले, मागचा भाग वर. सुरेखाचा सोमवारचा उपवास होता, ती देवळात जायला निघालेली. मी तिला हाक मारून दाखवलं, "बघ, श्रावणी सोमवार. साहेब पण नमस्कार घालतोय."

ती हसली, मी हसलो. नंतर डॉक्टर मॅडमनी सांगितलं, पोटात कळ आली की कुत्रा असा वाकतो. म्हणजे मी जोक मारत होतो तेव्हा त्याला कळा येत होत्या. हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा. कुत्रा नमस्कार घालत नाय.

थोड्या वेळानं त्याला संडासवाटे रक्त पडलं. सुरेखानं पूजेचं ताट ओट्यावर ठेवलं आणि बोलली, "देव उद्या पण आहे. टेम्पो काढ."

रिक्षावाले कुत्रा घेत नाय, म्हणून मंडपाच्या टेम्पोतून गेलो. मागे बांबू, झालरी, खुर्च्या, आणि मध्ये लाल मखमलीच्या गादीवर साहेब. ती गादी नवरदेवाची. रस्त्यावरचे लोक बघत होते. एरवी मी हात केला असता.

एक प्रश्न सोडून सगळे

जनावरांचा दवाखाना स्टेशनच्या पूर्वेला. बाकावर आमच्या आधी एक काकी बसलेल्या, हातात बकरीची दोरी. आमच्या कोपर गावातल्याच, जुन्या, मूळच्या. त्यांनी साहेबाकडे बघितलं.

"काय झायला रं तुजे कुत्र्याला?"

"उलट्या, काकी. तुमच्या बकरीला?"

"माजा लुगरा खाल्लान. मीच येरी, वालत टाकला न हिला मोकली सोरली." बकरीनं वाळत घातलेलं लुगडं खाल्लेलं, आणि काकी आपली चूक चारचौघांत अशी सांगत होत्या, जसा काय भाजीचा भाव. मग माझ्याकडे वळल्या. "तुजे कुत्र्यानं काय खाल्लान?"

"काय माहीत, काकी."

काकींनी माझ्याकडे नीट बघितलं. "वकिलाशी न डाक्टरशी खोटा बोलाचा नाय. वकिलाशी बोललास त जमीन जाते. डाक्टरशी बोललास त जीव."

आतून आवाज आला, "साहेब कोण?" मी उभा राहिलो. मॅडम कमी वयाच्या, चष्मा, आवाज शांत. त्यांनी साहेबाचा ओठ वर केला, हिरडीवर बोट दाबलं, सोडलं. मी विचारलं, हे काय? त्या बोलल्या, दाबल्यावर पांढरी होते, लगेच गुलाबी झाली पाहिजे. मग मानेवरची कातडी चिमटीत ओढून सोडली. हे काय? अंगातलं पाणी कमी झालं की कातडी हळूहळू जागेवर जाते. मला लई भारी वाटलं. मी लगेच माझी कातडी ओढून बघितली. फटकन जागेवर. जाड आहे.

मी विचारतच राहिलो. कुत्र्याला घाम कुठून येतो? त्याला ताप किती असतो? मॅडम सगळ्याचं उत्तर देत होत्या. मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"काल काय खाल्लं यानं?"

"वरण-भात," मी बोललो.

"बाहेरचं काही? मटण, हाडं?"

आणि मी, देव मला माफ करो, मी काय बोललो असेन? बोललो, "मॅडम, श्रावण आहे!"

बाजूला सुरेखा मान ताठ करून बोलली, "आमच्या घरात महिनाभर अंडंसुद्धा येत नाही, डॉक्टर."

लग्नाला वीस वर्षं झाली. तिनं माझ्या बाजूनं मान एवढी ताठ केलेली मी पहिल्यांदा बघितली. ती मोडायची हिंमत झाली नाय.

मॅडमनी लिहून घेतलं. लस झालीय का, रस्त्यावर काय चाटलं का, घराजवळ उंदराचं औषध टाकतात का. उंदराचं ऐकून सुरेखाचे डोळे चमकले. मॅडमनी इंजेक्शनं दिली, पाठीच्या कातडीखाली सलाईन भरलं. साहेबाच्या पाठीवर उंटासारखा उंचवटा आला. बोलल्या, "नक्की कारण कळत नाहीये. संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवा, उद्या सकाळी आणाच."

सावंत काकू

घरी आल्याबरोबर सुरेखा तळमजल्यावर गेली. तिथे सावंत काकू राहतात, एकट्या. जिन्याखाली उंदरासाठी गोळ्या टाकतात. सुरेखा उपाशी होती, घाबरलेली होती, आणि तिला कोणीतरी पाहिजे होतं. तिनं काकूंना काय काय ऐकवलं ते मी पिंकीला लिहू देत नाय. काकू रडल्या. बोलत होत्या, "अगं, गेल्या महिन्यापासून बंद केल्यात मी गोळ्या. ह्याला मी रोज बिस्किट घालते गं, मी कशाला मारीन?"

मी जिन्यात उभा होतो. वरून सहावी पायरी. मला माहीत आहे, कारण मी पायऱ्याच मोजत होतो. खाली जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. मी वर गेलो.

साहेब पाण्याच्या भांड्यासमोर पडलेला. पाण्याकडे बघायचा, प्यायचा नाय. मी त्याच्या हिरडीवर बोट दाबून बघत होतो. पांढरी. एक, दोन, तीन. गुलाबी. मग माझी हिरडी दाबली. पिंकीची दाबायला गेलो तर ती ओरडली. मला तेव्हा खरोखर जाणून घ्यायचं होतं, हे शपथेनं झालं की रश्श्यानं? शपथेनं झालं असेल तर मी देवाकडे जायला पाहिजे. रश्श्यानं झालं असेल तर मॅडमकडे. दोन्हीकडे खरं सांगायला लागणार होतं, म्हणून मी कुठेच गेलो नाय.

साहेब सरकत सरकत आला आणि त्यानं हनुवटी माझ्या पायावर ठेवली. अख्ख्या घरात तीन माणसं. ज्यानं वाट लावली त्याच्याच पायावर.

मशीन

मंगळवारी साहेब उठला नाय. उचलून टेम्पोत ठेवला. हिरडीला मी आकडे मोजत गेलो, चारपर्यंत.

मॅडमनी बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. बोलल्या, "काल सांगितलंत त्यात हे बसत नाही. विषाच्या दिशेनं बघायला लागेल. आधी एक्स-रे काढते."

मला गप्प बसवत नाय. मी विचारलं, "एक्स-रेमध्ये काय दिसतं, मॅडम?"

"हाडं."

"कोणाची?"

"त्याची." मग माझ्याकडे बघून, "आणि खाल्ली असतील तर तीपण."

सुरेखा साहेबाचं डोकं धरून उभी होती. आता लोक विचारतात, तुला हिंमत कशी झाली? हिंमत कसली. मशीन चुगली करणार होतं, त्याच्या आधी बोललो. एवढंच. पण बोललो.

"मॅडम, मटण खाल्लंय त्यानं. रविवारी. हाडांसकट. चरबी, रस्सा, तेल, सगळं. मीच घातलं."

"किती?"

"पिशवीभर."

"तुम्ही?"

"मी दोन ताटं."

"तुमचं नाही विचारलं. तुम्ही किती वाजता घातलं त्याला?"

सुरेखानं माझ्याकडे बघितलं नाय. ती साहेबाच्या कानावरून हात फिरवत होती, उभ्या कानावरून. फिरवतच राहिली. मग एवढंच बोलली, "काकू रडल्या रे."

मटणाबद्दल नाय. शपथेबद्दल नाय. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं.

मॅडम भडकल्या, पण हात थांबले नाय. "काल हे सांगितलं असतंत तर काल वेगळी औषधं दिली असती. एक दिवस गेला. ह्याच्यासाठी एक दिवस म्हणजे किती असतो माहितेय?" मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा मी विचारलं नाय.

एक्स-रेमध्ये हाडं दिसली. काळ्यात पांढरे ठिपके, मांडवाच्या लाइटिंगसारखे. मॅडमनी पेननं दाखवलं, हा तुकडा, हा तुकडा. मोठा कुठे अडकलेला नाय, पुढे सरकतायत. कापायला लागणार नाय असं वाटतं, पण आतून सगळं सुजलंय. तीन दिवस सलाईन. पुढचे दोन दिवस कसे जातात त्यावर.

मी शेवटी विचारलंच, कारण सुरेखा पण त्याच प्रश्नावर अडकली असणार. "मॅडम, शप्पथ मोडल्यानं असं होतं का? ह्याच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "शपथेचं मला शिकवलं नाही. चरबीचं शिकवलंय. चरबीनं होतं."

तीन दिवस

मंगळवार ते गुरुवार, सकाळी दवाखाना उघडायला मी हजर, बंद होताना घरी. दिन्यानं मंडप एकट्यानं ओढला. वहिनींनी फोन करून माफी मागितली. बोललो, तुमची काय चूक, वहिनी, रस्सा एक नंबर होता.

दवाखान्यात बसायची माझी जागा पिंजऱ्याच्या बाजूला, पायपुसण्यावर. साहेबाच्या पुढच्या पायाला सुई, त्यावर निळी पट्टी. मी थेंब बघत बसायचो. बाजूला एक मांजर होती, पोपट होता, एक कासव आलेलं. कासवाला सर्दी होते हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं?

सुरेखा दुपारी डबा घेऊन यायची. माझ्याशी बोलायची नाय. साहेबाशी बोलायची. "साहेब, त्याला सांग, दुधीची भाजी आहे. खाऊन घे म्हणावं, उपाशी राहून उपकार करू नको." मी पण साहेबालाच सांगायचो, "साहेब, तिला बोल, भाजीत मीठ कमी आहे." साहेब दोघांकडे आळीपाळीनं बघायचा. त्याला वाटलं असेल, आजारी कोण आहे इथे?

बुधवारी दुपारी मी संडासला जाऊन आलो, आणि मला बघून त्याची शेपटी हलली. पूर्ण नाय. फक्त टोक, दोनदा. मी तिथेच पायपुसण्यावर बसलो आणि खूप वेळ उठलो नाय. काकी बकरीला दाखवायला आलेल्या. लुगड्याचं एक टोक बाहेर पडलेलं, दुसऱ्याची वाट बघत होत्या. माझ्याकडे बघून बोलल्या, "सांगलास ना खरा?"

"सांगितलं, काकी."

"मंग वाचंल."

गुरुवारी साहेबानं हाडांचे शेवटचे तुकडे बाहेर टाकले. मी काडीनं मोजले, फोटो काढला, दिन्याला पाठवला. त्यानं उत्तर पाठवलं, मी जेवतोय रे.

पातेलं

घरी सोडताना मॅडमनी पथ्य सांगितलं. दहा दिवस उकडलेलं चिकन आणि मऊ भात. तेल नाय, मीठ नाय, मसाला नाय, हाड तर बिलकुल नाय.

चिकन. श्रावणात. आमच्या घरात.

सुरेखानं मॅडमना दोनदा विचारलं, पनीर चालणार नाही का? मॅडम बोलल्या, माझा पेशंट कुत्रा आहे. मग घरी येऊन सुरेखानं चार दिवसांत पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून वाक्य बोललं. "माझ्या ओट्यावर नाही. गॅलरीत. गोडाऊनची शेगडी आण, तुझं पातेलं वेगळं. आणि शिजवणार तू."

मी शिजवलं. रोज दोन वेळा, दहा दिवस. गॅलरीत स्टुलावर बसून, पातेल्यात चिकन रटरट करतंय, वाफ सरळ माझ्या नाकात, आणि समोर साहेब बसलेला. हो, बसलेला. न सांगता. हाडं काढून, बोटांनी बारीक करून, भातात कालवून, थंड करून. एक तुकडा तोंडात टाकला नाय. बोट पण चाटलं नाय. पिंकीनं पेन थांबवलंय. लिही गं, बोट एकदा चाटलं. मीठ नव्हतं.

पहिल्या दिवशी ते पातेलं चढवायच्या आधी मी तळमजल्यावर गेलो होतो. सावंत काकूंना सगळं सांगितलं, पिशवीपासून सहाव्या पायरीपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं. मग आत जाऊन बिस्किटाचा पुडा आणला आणि विचारलं, "ह्यातलं एक दिलं तर चालेल का रे त्याला?" बोललो, दहा दिवसांनी. त्यांनी पुडा तसाच न फोडता फडताळात ठेवला. दोन पायऱ्या मागे सुरेखा उभी होती. ती पुढे झाली आणि काकूंच्या पाया पडली. दोघी आत गेल्या. मला कोणी बोलावलं नाय.

आता तुमच्यासाठी, ज्यांचा कुत्रा आज उलट्या करतोय. हिरडी दाबून बघा. कातडी ओढून बघा. पण ते नंतर. आधी त्यानं काय खाल्लं ते सांगा. लाज वाटली तरी सांगा. बायको बाजूला असली तरी सांगा.

शेवटच्या तपासणीला आम्ही तिघं गेलो. साहेब स्वतःच्या पायानं टेम्पोत चढला, नवरदेवाच्या गादीवर. मॅडमनी पोट दाबलं, हिरडी बघितली, बोलल्या, मस्त. मला वाटलं, निघताना चार चांगले शब्द बोलावे.

"मॅडम, तुमचं काम लई कठीण हां. माणसाचा डॉक्टर बरा. तुमच्या पेशंटला बोलता येत नाय."

मॅडम फाइल बंद करत होत्या. वर पण बघितलं नाय.

"पेशंट बोलत नाही त्याचा काही त्रास नाही हो. सोबत जो बोलणारा येतो ना, त्याचा होतो."